आराखडा कोणाचा, कादंबरी कोणाची?



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या अभ्यासवर्गाला येणारी एक मुलगी वही घेऊन आली. तिला आपल्या आजीवर कादंबरी लिहायची होती. आजी मराठवाड्यातली. नामांतराच्या काळात घर जळाले म्हणून लेकरे घेऊन शहरात आलेली. मुलीने कादंबरीलेखनाचा एक ऑनलाइन वर्ग पैसे भरून केला होता. तिथे तिला एक तक्ता मिळाला होता. नायक कोण, त्याला काय हवे आहे, अडथळा कोण आणतो, नायक त्यावर मात कशी करतो, शेवटी तो कसा बदलतो, असे त्यात रकाने. तीन महिने ती त्या रकान्यांशी झगडत होती. आम्हाला म्हणाली, "आजीनं एकटीनं काहीच केलं नाही, सगळ्या वस्तीनं केलं. मग नायक म्हणून कुणाचं नाव लिहू? आणि आजी बदलली नाही, ती पहिल्यापासून तशीच खंबीर होती. बदलायचं होतं ते गावानं." एवढे बोलून तिने वही मिटली. लिखाण सोडून दिले.

त्या दिवशी आम्ही तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

"दलित साहित्यात कविता आहे, कथा आहे, आत्मकथन आहे, पण मोठी कादंबरी कुठे आहे?" हा प्रश्न परिसंवादांत वर्षानुवर्षे विचारला जातो. विचारणाऱ्याच्या सुरात बहुधा असे असते की, आक्रोश तुम्हाला जमतो, पण मोठ्या मांडणीला लागणारा संयम तुमच्याकडे नाही. आपल्यातलेही काही जण हे खाली मान घालून कबूल करतात. आम्हाला ते कबूल नाही. कादंबरीचा आराखडा आकाशातून पडत नाही. कोणीतरी तो आपल्या जगण्यातून, आपल्या सोयीने बनवलेला असतो. ज्यांचे जगणे वेगळे, त्यांना आराखडाही वेगळा शोधावा लागतो. आपल्या लेखकांनी तो शोधला आहे. आपण त्यांच्या पुस्तकांतले दुःख वाचतो, त्यांची रचना मात्र वाचत नाही. चूक तिथे आहे.

साचा पवित्र नाही

आधी मराठी कादंबरीचाच जन्म पाहू. बाबा पद्मनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 साली प्रसिद्ध झाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव घेतले जाते. लेखक ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला, विषय हिंदू विधवांची स्थिती. आणि आराखडा कोणता? यमुना आपल्या नवऱ्यासोबत प्रवासाला निघते. जागोजागी तिला विधवा भेटतात, त्यांच्यावर काय गुदरले ते कळत जाते. म्हणजे एक प्रवास आणि वाटेत जमा होत जाणाऱ्या साक्षी. आजच्या लेखनवर्गात हे पुस्तक नेले तर तक्त्यात बसत नाही म्हणून परत पाठवतील. म्हणतील, हा समाजसुधारणेचा प्रचार आहे, घटनांची नुसती माळ आहे. आपल्या लिखाणाबद्दल हेच म्हटले जाते ना? मग मराठी कादंबरीची सुरुवातच प्रचारातून आणि घटनांच्या माळेतून झाली, हे कोणी का सांगत नाही?

पुढे हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः आली. एक बाई आपली कहाणी स्वतःच सांगते आहे, अशी तिची रचना. साप्ताहिकाची गरज आणि वाचकाला पुढच्या अंकापर्यंत धरून ठेवण्याची निकड यांचाही त्या लिखाणात वाटा होता. त्यांनी आपल्या परिस्थितीतून रीत काढली तर ती परंपरा, आणि आपण काढली तर तो कच्चेपणा, हा न्याय कुठला?

1885 साली पुण्यात ग्रंथकारांच्या सभेसाठी न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण दिले. जोतीरावांनी ते पत्र लिहून नाकारले. जे माणसाचे हक्क माणसाला द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. आपण हे पत्र भाषणांत सांगतो, पण त्याचा अर्थ आशयापुरताच घेतो. पुस्तकांचा मेळ बसत नाही याचा अर्थ रचनेचाही मेळ बसेलच असे नाही. घर आपले आणि नकाशा वाड्याचा, असे केले तर राहणाऱ्यांची कुचंबणा होणारच.

वेळ, जागा आणि कागद

लेखनवर्गात पहिला सल्ला मिळतो तो असा : रोज पहाटे ठरलेल्या वेळी आपल्या टेबलाशी बसा. टेबल कोणाच्या घरात आहे? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, पहाटे नळाला पाणी, आठला कामावर. मोठी कादंबरी लिहायला मोकळा वेळ लागतो, आणि मोकळा वेळ हा आपल्या देशात जातीने वाटला गेला आहे. हे आधी समजून घेतले पाहिजे, नाहीतर आपली मुले परिस्थितीचा दोष स्वतःच्या बुद्धीवर घेतात.

अण्णा भाऊ साठ्यांचे पाहा. जन्म 1 ऑगस्ट 1920, वाटेगाव. शाळा जवळपास नाहीच. लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला आले, मिळेल ते काम केले, गिरणीत राबले. 1944 साली अमर शेख आणि गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभे केले. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहून त्यांनी तिसाहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. 'दलित लेखकाकडे मोठा श्वास नाही' म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

दुसरे उदाहरण बेबीताई कांबळे यांचे. फलटणला त्यांचे छोटेसे किराणा दुकान होते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून त्या वहीत लिहीत. ते लिखाण त्यांनी घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. घरातली बाई लिहिते हे नवऱ्याला चालणार नाही, ही भीती. मॅक्सिन बर्नसन या अभ्यासक बाईंच्या ओळखीतून ते बाहेर आले. 1982 साली 'स्त्री' मासिकात क्रमशः आणि 1986 साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झाले. जातीने हिरावलेला वेळ आणि घरातल्या पुरुषाने हिरावलेला वेळ, दोन्ही त्या वह्यांनी सोसले. दुसऱ्याबद्दल बोलायला आपल्या चळवळीतल्या पुरुषांना अजून जड जाते, म्हणून ते मुद्दाम लिहिले.

आपले चार आराखडे

आता रचनेकडे येऊ. आमच्या वाचनात आलेल्या चार रीती इथे मांडतो. यातल्या सगळ्या कादंबऱ्या नाहीत, पण कादंबरी लिहू पाहणाऱ्याने त्या समोर ठेवाव्यात.

पहिली रीत 'फकिरा'ची. 1959 साली आलेली ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. अण्णा भाऊ लाल बावट्याचे म्हणून त्यांना आपल्यापासून दूर ठेवणाऱ्यांनी ही अर्पणपत्रिका आधी वाचावी. फकिरा हा त्यांच्या नात्यातला माणूस. त्याची कथा घरात आणि गावात तोंडातोंडी चालत आलेली. कादंबरी सुरू होते ती त्याच्या बापापासून, राणोजीपासून. शेजारच्या गावची जोगणी आपल्या गावात आणताना राणोजी मारला जातो. म्हणजे नायक येण्याआधी गावाचा मान आणि मांगवाड्याचे ऋण वाचकासमोर उभे राहते. पुढे दुष्काळ येतो. फकिरा भुकेल्यांसाठी धान्य आणि खजिना लुटतो. आणि शिक्षा कोणाला होते? सगळ्या वस्तीला. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली हजेरी, धरपकड, बायामुलांना कोंडणे. शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतः सरकारच्या हवाली होतो.

या रचनेतले मर्म असे आहे की, कृती एकाची असली तरी भोग सगळ्यांचा असतो. उच्चवर्णीय कादंबरीत नायकाने बंड केले तर त्याची किंमत बहुतेक तो आणि फार तर त्याचे घर मोजते. आपल्याकडे एका मुलाने घोड्यावरून वरात काढली तर साऱ्या वस्तीचा रस्ता, पाणी, मजुरी बंद होते. बहिष्कार हाच आपल्या कथानकाचा कणा आहे. त्या मुलीच्या तक्त्यात आजी बसत नव्हती ती याचमुळे. त्या तक्त्याला एकटा माणूस ठाऊक होता, वाडा ठाऊक नव्हता. आणि आणखी एक गोष्ट. अण्णा भाऊ शाहीर होते, लोकनाट्याचे लेखक होते. ऐकणारा माणूस समोर बसला आहे हे त्यांच्या लिखाणाला ठाऊक असते. प्रसंग थेट सुरू होतो, माणसे बोलू लागतात, प्रकरण टोकाला जाऊन थांबते. वाचता न येणाऱ्यालाही वाचून दाखवता येईल अशी ही बांधणी आहे.

दुसरी रीत खुद्द बाबासाहेबांची. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटे लिखाण 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकेच्या रूपात काढले. आपण त्यातले प्रसंग पाठ म्हणून वाचतो, त्यांचा क्रम पाहत नाही. पहिला प्रसंग वडिलांना भेटायला निघालेल्या लहान मुलाचा. अंगावर चांगले कपडे, भाड्याला पैसे, तरी बैलगाडी मिळेना. मग परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर आलेला विद्वान, ज्याला राहायला जागा नाही. मग 1929 मधले चाळीसगाव, तिथला टांग्याचा अपघात. मग 1934 मधला दौलताबादचा हौद. आणि नंतर लेखक स्वतः बाजूला होतो. काठियावाडमधल्या शिक्षकाच्या बाळंतीण बायकोला डॉक्टर शिवत नाही आणि ती दगावते, ती हकिकत येते. शेवटी तलाठी कचेरीत नोकरीला लागलेल्या भंगी समाजातल्या तरुणाची.

हा क्रम वकिलाचा आहे. वाचक मनात एकेक पळवाट काढतो आणि पुढचा प्रसंग ती बंद करतो. पैसा असला तर? नाही. शिक्षण असले तर? नाही. मोठे पद असले तर? नाही. दुसऱ्या धर्माच्या माणसांत गेलो तर? तिथेही नाही. दवाखान्यात तरी? नाही. सरकारी कचेरीत तरी? नाही. आणि शेवटी 'माझे' दुःख 'आमचे' होऊन जाते. कथानक चढत नेण्याची ही रीत कोणत्या लेखनवर्गात शिकवतात? आपली प्रकरणे कोणत्या क्रमाने लावायची असा प्रश्न पडेल, तेव्हा ही पुस्तिका उघडावी.

तिसरी रीत बेबीताईंची. आत्मकथन म्हटल्यावर 'मी' हवा, अशी समजूत. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'आमुचं' आहे. महारवाड्यातला आषाढ, सासुरवास, बाळंतपण, उपास, अंगात येणे, आणि मग बाबासाहेबांच्या सभेने हलून गेलेल्या बाया, हे सगळे त्या 'आम्ही' म्हणून सांगतात. स्वतःच्या संसारातला त्रास त्यांनी पुस्तकात फारसा घेतला नाही. पूर्ण वाडाच बोलतो आहे, अशी ही रचना. कादंबरीत निवेदक एकच माणूस असला पाहिजे, असा कोणता नियम आहे? बायांच्या घोळक्याने सांगितलेली कादंबरी का असू नये?

चौथी रीत 'बलुतं'ची. 1978 साली दया पवारांनी स्वतःचे दोन केले. शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि त्याला आपली कहाणी ऐकवणारा दगडू. शिक्षणाने आपल्या माणसाचे जे दोन तुकडे होतात, ते त्यांनी सांगून समजावले नाहीत, रचनेतच ठेवले. आज बँकेत, आयटीत, सरकारी कार्यालयात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा दगडू रोज भेटतो. आडनाव सांगताना अडखळणाऱ्या जिभेवर तो बसलेला असतो.

या चारांना जोडून आणखी एक काम सांगायलाच हवे. 1989 साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' आले. बाबासाहेबांच्या चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना शोधून, घरोघर जाऊन घेतलेल्या मुलाखती त्यात आहेत. तो इतिहासग्रंथ आहे, पण कादंबरीची तयारी कशी करावी याचाही तो धडा आहे. पुढे 2003 साली ऊर्मिलाताईंनी आत्मकथन लिहिले, तेव्हा आई विणत असे त्या बांबूच्या वस्तूंवरून त्याला 'आयदान' नाव दिले. आईच्या हातातली कामट्यांची वीण आणि मुलीच्या हातातले लिखाण यांचे नाते त्यांनी ओळखले. रचनेसाठी लांब जावे लागत नाही, ती बऱ्याचदा घरातल्या कामातच असते.

आत्मकथनानंतर कादंबरीच का?

कोणी विचारेल, खरे सांगायचे तर आत्मकथन आहेच, कल्पित कशाला? कामाच्या अनुभवातून आमची दोन उत्तरे आहेत.

पहिले असे की, खरे नाव लिहिण्याची किंमत लिहिणारा एकटा मोजत नाही. अत्याचाराच्या प्रकरणांत आम्ही पीडित कुटुंबांसोबत काम करतो. कोर्टात तारखा चालू असतात, साक्षीदारांवर दबाव असतो, मुलीचे लग्न व्हायचे असते. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करायला कायद्यानेही मनाई आहे. तिची हकिकत आत्मकथनात येऊ शकत नाही आणि बातमीत चार ओळींपुढे जात नाही. कादंबरी तिला दुसरे नाव देते, दुसरे गाव देते आणि तिचे सत्य पूर्ण सांगते. आपल्या अनेक बायांचा इतिहास या एकाच वाटेने लिहिला जाऊ शकतो.

दुसरे असे की, आत्मकथनकाराला स्वतः पाहिलेलेच सांगता येते. बहिष्काराचा ठराव ज्या घरात झाला त्या घरात तो नव्हता. फिर्याद घ्यायची की टाळायची, हे ठाणेदाराने फोनवर कोणाशी ठरवले, ते त्याने ऐकले नाही. कादंबरी त्या खोलीत शिरू शकते. आजवर त्यांच्या कादंबऱ्या आपल्या वस्तीत शिरून आपल्याबद्दल बोलल्या. आता आपल्या कादंबरीने त्यांच्या ओसरीवर जायचे आहे. 1984 साली 'अक्करमाशी' लिहिणारे शरणकुमार लिंबाळे पुढे कादंबरीकडे वळले, आणि 2018 च्या त्यांच्या 'सनातन'ला 2020 चा सरस्वती सन्मान मिळाला. वाट मोकळी झाली आहे.

एक इशाराही देतो. कादंबरी म्हणजे जयंतीचे भाषण नव्हे. आपली सगळी माणसे सद्गुणी आणि समोरची सगळी राक्षस, असे लिहिले तर आपलीच पोरे ते वाचणार नाहीत. 1963 साली बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथांमधून आपल्या माणसांची भूक, राग, लाज, हिंसा काहीच झाकले नाही. आपल्यातली पोटजात, दारू, बायकोवर उगारलेला हात, गटबाजी हे सगळे कादंबरीत आले पाहिजे. माणूस म्हणून हक्क मागतो, तर माणूस म्हणून दिसायलाही हवे.

मग करायचे काय?

आम्ही विहारात एक प्रयोग सुरू केला आहे, तो सांगतो. भिंतीवर लांब कागद लावला. त्यावर वरच्या ओळीत चळवळीच्या तारखा : 14 ऑक्टोबर 1956, 27 जुलै 1978, 14 जानेवारी 1994, 11 जुलै 1997, 29 सप्टेंबर 2006. खालच्या ओळीत घरच्या तारखा : कोण कधी जन्मले, कोणी कधी गाव सोडले, पहिली नोकरी, पहिले पक्के घर. दोन ओळी एकाखाली एक आल्या की, कथानक कुठे वळते ते डोळ्यांना दिसते.

दुसऱ्या कागदावर गावाचा नकाशा. पाणवठा, वाडा, नदी, एसटी थांबा, कोणत्या रस्त्याने जायला मनाई होती. म्हाताऱ्या माणसांना "तुमच्यावर काय अन्याय झाला" असे विचारले की ती गप्प होतात. नकाशावर बोट ठेवून "इथून पाणी आणायचात का?" विचारले की तासभर बोलतात. परवानगी घेऊन ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. बायांशी बायांनीच, पुरुष नसताना बोलायचे.

तक्त्यातला 'नायक' हा रकाना आम्ही खोडला. त्याजागी दोन रकाने केले : 'कोणी केले' आणि 'कोणी भोगले'. प्रसंग सुटे लिहायचे, जो आठवेल तो आधी. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर बोलूनसुद्धा. क्रम नंतर लावायचा, आणि लावताना प्रत्येक प्रसंगाला विचारायचे : तू कोणती पळवाट बंद करतोस? उत्तर नसेल तर तो प्रसंग बाजूला ठेवायचा. महिन्यातून एकदा विहारात मोठ्याने वाचायचे. जिच्या आयुष्यावर लिहिले तिला ऐकताना ते ओळखू आले पाहिजे, ही आमची कसोटी. समीक्षक नंतर.

ही रीत बरोबरच आहे असा आमचा दावा नाही. आजवर तिच्यातून एकही कादंबरी पुरी झालेली नाही. चार जणांची मिळून शंभरेक पाने झाली आहेत आणि त्यातली निम्मी फेकावी लागतील. पण कोणी वही मिटून गेले नाही.

घाई एकाच गोष्टीची आहे. नागपूरला दीक्षा घेताना जे वीस वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. नामांतरात ज्यांची घरे जळाली त्या तरुण आया आता आज्या, पणज्या झाल्या आहेत. दर महिन्याला आपण कोणाच्या ना कोणाच्या पुण्यानुमोदनाला जातो. मेणबत्ती लावतो, त्रिशरण पंचशील म्हणतो, आणि त्या माणसासोबत एक अख्खी कादंबरी मातीत जाते.

ती मुलगी मागच्या रविवारी पुन्हा आली. वही आणली नव्हती, मोबाइल आणला होता. त्यात आजीचे पाऊण तासाचे बोलणे होते. गाव सोडताना कोणत्या घरातून काय काय उचलले आणि काय राहून गेले, एवढेच त्यात आहे. आजीने ऐंशी ओलांडली आहे. आम्ही तिला म्हणालो, नायक कोण ते नंतर पाहू. आधी हे राहून गेलेले सामान लिहून काढ.

तुमच्या घरातही अशी आजी असेल. या रविवारी तिच्याजवळ बसा.

जयभीम!